ग्राहकाने फोन उचलला नाही

मंगळवारी सकाळी साडेनऊला ऑपरेटरबाईंनी पर्स काखोटीला मारली, चपला पायात सरकवल्या आणि दारातूनच सुनेला हाक मारली, "चल गं. आज त्या फोनचा काय तो सोक्षमोक्ष लावून टाकू."

ऑपरेटरबाई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आवाज खणखणीत, पाठीचा कणा ताठ, आणि रागाचं म्हणाल तर दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागायचा नाही. सून अगदी उलट. ती सुईण होती. रीतसर शिकलेली, परवाना असलेली, घरोघरी जाऊन बाळंतपणं करणारी. सहा वर्षांत एकशे चाळीस बाळं तिच्या हातावर आली होती. तासन् तास बाईचा हात धरून बसेल, पण दुकानदाराने सडका कांदा दिला तर स्वतःच "सॉरी" म्हणून घरी येईल, अशातली. ऑपरेटरबाईंचा मुलगा वर्षातले आठ महिने कामासाठी लांब असायचा, त्यामुळे घरात या दोघीच. आणि दोघींचं पटायचं, हे शेजारणींना भारी खुपायचं.

आता त्या फोनचं. चार महिन्यांपूर्वी सुनेने नवा फोन घेतला, दोन वर्षांच्या करारावर. दिसायला देखणा, पातळ, गुळगुळीत. पण वाजायचा नाही. अगदीच वाजायचा नाही असंही नाही, तेच तर दुखणं होतं. हातात असला, नुकता वापरला असला की शहाण्यासारखा वाजायचा. पंधरा-वीस मिनिटं टेबलावर पडून राहिला की मग कुणी कितीही वेळा फोन करू दे, ना आवाज, ना उजेड, ना नंतर कुणाचा फोन येऊन गेल्याची खूण. कुंभकर्ण मेला!

बरं, दुसरा फोन घ्यावा, तर नंबर याच्या पोटात. सिमकार्ड नावाची चीज त्यात नव्हतीच, काढून दुसरीकडे घालायला. करार संपेपर्यंत कंपनी नंबर सोडायला तयार नाही. येणारे फोन दुसरीकडे वळवायची सोय मागितली, तर म्हणे त्याला वेगळा करार. नंबर बदलावा म्हटलं, तर तो सहा वर्षं बायकांच्या कपाटांच्या दारांवर, आरशांच्या कडांना, कॅलेंडरांवर लिहिलेला. घरी ऑपरेटरबाईंचा जुना फोन होता, पण कळा सुरू झालेली बाई नवा नंबर शोधत बसत नाही. तिच्या बोटांना जो पाठ असतो तोच ती फिरवते.

आणि सुईणीचा फोन वाजला नाही तर काय होतं, ते पंधरा दिवसांपूर्वी कळलं. शाळेतल्या गणिताच्या बाईंना दिवसाढवळ्या कळा सुरू झाल्या. त्यांनी अकरा वेळा फोन केला. गणिताच्या बाई त्या, मोजल्याशिवाय राहतील कशा? त्या वेळी सून स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती आणि फोन हाताच्या अंतरावर टेबलावर पडलेला होता. ढिम्म. शेवटी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बाळंतपण झालं. मदतीला खालच्या मजल्यावरची म्हातारी, आणि ती रक्त बघून स्वतःच भिंतीला टेकलेली. मुलगी सुखरूप झाली, आई सुखरूप राहिली, नशीब! पण संध्याकाळी कळल्यावर सून धावत गेली, तेव्हा गणिताच्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. "तुम्ही म्हणाला होतात, हाक मारली की येईन," एवढंच बोलल्या आणि दार लावून घेतलं. पुढे बाळ बघायलाही येऊ दिलं नाही.

त्या दिवसापासून सून जेवायची म्हणून जेवायची. आणखी पाच जणींचे दिवस भरत आले होते, त्यातल्या एकीला तर जुळं होतं. आज सकाळी चहाचा कप खाली ठेवत तिने सरळ सांगितलं होतं, "आई, आज हे काम झालं नाही तर मी पाचही जणींची नावं हॉस्पिटलला कळवून टाकते. आणि मग मी हे बंद करते. माझ्या भरवशावर कुणी राहावं, असं मला आता वाटत नाही."

या पोरीला दुसरं काही करताना ऑपरेटरबाईंना बघायचंच नव्हतं. म्हणून तर चपला.

फोनचं दुकान सगळं काचेचं. आत थंडी इतकी की ऑपरेटरबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. बसायला बुटके, मऊ कोच. एकदा माणूस रुतला की भांडायला उठूच नये, अशा बेताने केलेले. मशीनमधून चौदा नंबरचा कागद आला. अर्ध्या तासाने चौदावा नंबर लागला. काउंटरच्या मागे चाळिशीचा एक गृहस्थ, गळ्यात निळा टाय, चेहऱ्यावर धुऊन इस्त्री केलेलं हसू.

"बोला आजी, काय सेवा करू?"

"आजी तुमच्या घरी," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "हा फोन परत घ्या आणि करार रद्द करा. नंबर मात्र आमच्याकडे राहील."

टायवाल्याने फोन हातात घेतला, इकडेतिकडे दाबला, घंटीचा नमुना वाजवून दाखवला. मग काउंटरवरच्या फोनवरून नंबर फिरवला. आणि तो नालायक फोन त्याच्या हातात असा काही वाजला, की रांगेतल्या चार माणसांनी आपापले खिसे चाचपले.

"वाजतोय की!" टायवाला म्हणाला.

"हातात आहे म्हणून वाजतोय. वीस मिनिटं नुसता ठेवा, मग बघा."

"तपासणी दोन मिनिटांचीच असते, मॅडम. नियम आहे." त्याने फोन काउंटरवर ठेवला आणि संगणकाकडे वळला. "करार रद्द करायचा तर कलम नऊ बघावं लागेल. एकच दोष तीन वेळा नोंदला गेला पाहिजे, तरच फोन परत आणि नंबर मोकळा. नाहीतर उरलेल्या वीस महिन्यांचं सगळं भरायचं आणि नंबर कंपनीकडे जमा."

"तीन तक्रारी केल्यात आम्ही!"

"तक्रारी आहेत. दोष नाही." तो पडद्यावरचं वाचू लागला. "पहिली तक्रार. ग्राहकाशी संपर्क साधला, ग्राहकाने फोन उचलला नाही, तक्रार बंद. दुसरी. ग्राहकाने फोन उचलला नाही, तक्रार बंद. तिसरी. ग्राहकाने फोन उचलला नाही, बंद. म्हणजे तुमच्या नावावर दोष किती? शून्य." आणि वर समजावणीच्या सुरात म्हणाला, "ताई, आम्ही फोन केल्यावर तुम्ही उचलायला हवा होता ना."

"सॉरी," सून म्हणाली.

सॉरी! ऑपरेटरबाईंना वाटलं, आता हिलाच एक धपाटा घालावा. पण सुनेचा चेहरा बघून त्यांचा हात वर आलाच नाही. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. सगळं आवरून झाल्यावर माणूस खोलीभर एकदा नजर फिरवतो, तशी ती बघत होती. "चला आई," ती म्हणाली. "बस झालं. मी हॉस्पिटलला कळवते."

ती उठली, ऑपरेटरबाईही उठल्या. फोन काउंटरवरच राहिला. दाराकडे चार पावलं गेल्या असतील-नसतील, आणि बाई थबकल्या. काहीतरी खटकत होतं. एक्स्चेंजमध्ये कुणाचा फोन बंद असल्याची तक्रार आली, की पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवत: बंद फोनची चौकशी त्याच फोनवर करायची नाही. माणूस पाठवायचा. एका नव्या मुलीने एकदा ती चूक केली, तर सुपरवायझरने तिला महिनाभर धारेवर धरलं होतं.

बाई गर्रकन वळल्या आणि रांगेतल्या पंधरा नंबरच्या माणसाला "एक मिनिट हं, भाऊ," म्हणून पुन्हा काउंटरला भिडल्या.

"अहो टायवाले, तुम्ही संपर्क साधला म्हणता. कसा साधलात?"

"फोन करून."

"कुठल्या नंबरवर?"

"याच. ग्राहकाचा नंबर हाच आहे."

"म्हणजे आमची तक्रार काय, तर फोन वाजत नाही. आणि ती खरी की खोटी हे बघायला तुम्ही त्याच फोनवर फोन केलात. तो वाजला नाही, म्हणून आम्ही उचलला नाही, म्हणून तुम्ही तक्रार बंद केलीत. तीनदा!"

पंधरा नंबरवाला फसकन हसला. मागच्या कोचावर रुतलेल्या दोन बायका धडपडत उठून पुढे आल्या. टायवाल्याचं इस्त्रीचं हसू जरा चुरगळलं.

"वाजला नाही कसं म्हणता? आमच्याकडे स्पष्ट नोंद आहे. 'रिंग गेली.'"

"बाळा, एकतीस वर्षं मी हेच केलंय," ऑपरेटरबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज उगाचच मऊ झाला होता, आणि त्यांना ओळखणारा कुणी तिथे असता तर त्याने काढता पाय घेतला असता. "तुझ्या कानात जे टुर्र टुर्र वाजतं ना, ते तुझ्या समाधानासाठी वाजतं. समोरच्या घरात घंटा वाजली की नाही, ते त्यावरून कळत नाही. बोलव तुझ्या साहेबाला."

पंधरा मिनिटांनी साहेब आले. जाड भिंगांचा चष्मा, हातात कॉफीचा कप. माणूस वाईट नव्हता. आपल्या दुकानाचा अभिमान असलेला होता, आणि तिथेच तो फसला. "मॅडम, आमच्याकडे प्रत्येक गोष्ट मिनिटागणिक नोंदलेली असते," असं म्हणून त्याने पडदाच या दोघींकडे फिरवला. "हे बघा. दुसरी तक्रार. आमच्या माणसांनी किती प्रयत्न केले! बुधवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटं, रिंग गेली, उचलला नाही. बारा चाळीस, उचलला नाही. तीन वाजता. पाच वाजता. गुरुवारी पाच वेळा. नऊ वेळा, मॅडम! नऊ वेळा फोन करूनही ग्राहक उचलत नसेल, तर कंपनीने काय करायचं?"

"बुधवारी?" सून म्हणाली.

दुकानातल्या माणसांशी सॉरीखेरीज ती बोलली तो हा पहिला शब्द. ती पुढे झाली आणि पडद्यावर बोट ठेवून तारीख पुन्हा वाचू लागली. बाळाची नाडी बघताना तिचा चेहरा असाच होतो, हे ऑपरेटरबाईंना ठाऊक होतं. त्यांनी जीभ दाताखाली धरली. एकतीस वर्षांत एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

"बुधवारी फोन माझ्याकडे नव्हता," सून म्हणाली. "गुरुवारीही नव्हता. तुमच्याकडे होता."

तिने पिशवीत हात घातला. कात्री, टेप, हातमोजे यांच्या खालून एक चार घड्या घातलेली पावती काढली आणि काउंटरवर सपाट केली. दुकानाचाच शिक्का. तपासणीसाठी जमा, बुधवार, सकाळी साडेनऊ. ग्राहकास परत, शुक्रवार, सकाळी अकरा.

कॉफीचा कप हवेतच राहिला.

"तपासणीचा अहवालही त्याच पावतीच्या मागे आहे," सून शांतपणे म्हणाली आणि पावती उलटी केली. "मी वाचते. 'फोन दोन दिवस चालू ठेवून निरीक्षण केले. या काळात एकही कॉल आला नाही. दोष आढळला नाही.' खाली तुमच्या कारागिराची सही आहे."

आता मात्र ऑपरेटरबाईंना राहवेना. "एकही कॉल आला नाही! आणि इकडे नऊ वेळा रिंग गेली! साहेब, तुमचं एक खातं तुमच्याच दुसऱ्या खात्याला दोन दिवस फोन करत बसलं होतं. फोन तुमच्या टेबलावर, माणूस तुमचा शेजारी बसलेला, आणि फोन न उचलल्याचा ठपका कुणावर? माझ्या सुनेवर! आता मला सांगा, या दोघांतलं खोटं कोण बोलतंय? की दोघंही खरंच बोलतायत आणि फोनच बहिरा आहे?"

साहेबांनी कप खाली ठेवला. मानी माणूस, सगळ्यांदेखत एक शेवटचा प्रयत्न करावा असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "काहीतरी गैरसमज असेल. मी स्वतः लावून बघतो." आणि त्यांनी काउंटरवरचा फोन उचलून नंबर फिरवला.

तो देखणा, गुळगुळीत फोन टायवाल्याने ठेवला होता तिथेच पडलेला होता. या सगळ्या वादात पंचवीस मिनिटं होऊन गेली होती आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. दहा-बारा माणसं त्याच्याभोवती माना वाकवून उभी राहिली.

"रिंग जातेय," साहेब सवयीने म्हणाले.

फोन गप्प. काळा, थंड, मख्ख.

"जाते हो," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "पोचत नाही."

पंधरा नंबरवाल्याने टाळी वाजवली. मग त्या दोन बायकांनी. टायवालाही हसला, आणि ते हसू पहिल्यांदाच खरं होतं. साहेबांनी फोन खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कलम नऊ लागू होतं. तीन काय, नऊ दोष आहेत. आजचा धरून दहा."

त्यांनी आधी नवा फोन देऊ केला, मग नवा करार सवलतीत देऊ केला. सुनेने दोन्हींना मान हलवून नकार दिला. कुणाचीही माफी न मागता नाही म्हणायला ती शिकली, हे बघून ऑपरेटरबाईंची छाती फुगली. कागद छापून आले. फोन परत. करार रद्द. नंबर मोकळा, दुपारी तीनपर्यंत हव्या त्या कंपनीकडे नेता येईल. सह्या झाल्या. टायवाला म्हणाला, "झालं, मॅडम."

"झालं नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "मला एक पत्र हवंय. कंपनीच्या कागदावर, साहेबांच्या सहीने."

"कसलं पत्र?"

"की फोन वाजत नव्हता. त्या काळात कुणी हिला फोन केला असेल आणि हिने तो उचलला नसेल, तर त्यात हिची काही चूक नाही."

"असं पत्र द्यायची आमच्याकडे पद्धत नाही हो."

"बंद फोनवर फोन करायची पद्धत आहे आणि ही नाही?" बाई पुन्हा तापल्या. "साहेब, माझी सून सुईण आहे. एक बाई हिला अकरा वेळा हाका मारत राहिली आणि हिला एकही ऐकू आली नाही. त्या बाईला वाटतंय, हिने मुद्दाम उचलला नाही. ही पोरगी पंधरा दिवस स्वतःला खात बसलीये. पैसे ठेवा तुमच्याकडे हवे तर. मला तेवढं लिहून द्या."

साहेबांनी सुनेकडे बघितलं. सून काउंटरची कड घट्ट धरून उभी होती. पत्र कुणासाठी ते तिला आत्ता कळलं होतं. साहेबांनी खुर्ची ओढली आणि स्वतः टाइप करायला बसले. चार ओळींचं पत्र, पण तारखा सगळ्या घातल्या, सुनेला विचारून त्या अकरा फोनांचीही. शेवटची ओळ त्यांनी स्वतःच्या मनाने जोडली: "याबद्दल कंपनी संबंधित ग्राहकाकडे आणि तिला फोन करणाऱ्या प्रत्येकाकडे दिलगिरी व्यक्त करते."

तीन वाजता नंबर एका साध्या, जाडजूड, बटणांच्या फोनात येऊन बसला. ऑपरेटरबाईंनी तो खिडकीत ठेवला आणि चाळीस मिनिटं कुणाला शिवू दिला नाही. मग घरच्या फोनवरून नंबर फिरवला. असा काही ठणाणा केला त्याने, की समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. दोघी सासू-सुना खो खो हसत सुटल्या. बाईंनी खात्री म्हणून आणखी सहा वेळा लावला. शेवटी सून म्हणाली, "आई, बस! कान गेले माझे."

मग त्या गणिताच्या बाईंकडे गेल्या. जिना चढताना सून दोनदा मागे वळली. ऑपरेटरबाईंनी तिला मागून ढकलतच वर नेलं. दार पुन्हा अर्धंच उघडलं. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. सुनेने पत्र पुढे केलं.

गणिताच्या बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग तारखांवरून बोट फिरवत दुसऱ्यांदा वाचलं. आपल्या तारखेपाशी त्यांचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

"मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाकडे गेला होतात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझा नंबर बघून तुम्ही उचलला नाहीत. फरशीवर पडल्या पडल्या मी तुम्हाला काय काय बोलले असेन!"

"मी मटार सोलत होते हो," सून म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "फोन समोरच होता. मी तुमचीच वाट बघत होते."

दार पूर्ण उघडलं. "आत या," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्याही रडत होत्या. "हिचं वजन अजून कुणी नीट केलेलं नाही. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं, पण ती हात-पाय झाडते, दर वेळी वेगळंच उत्तर येतं."

सुनेने कोपरापर्यंत हात धुतले, पिशवीतला वजनकाटा काढला, झोळी अडकवली आणि बाळ उचललं. तिच्या हातात जाताच ते गप्प झालं. ऑपरेटरबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसायची तसदी घेतली नाही.

"चार किलो शंभर!" सून एवढ्या मोठ्याने म्हणाली की खालच्या मजल्यावरची म्हातारी काय झालं म्हणून जिन्यात आली. मग बाळाला खांद्यावर घेऊन तिने मागे वळून बघितलं.

"आई, तो हॉस्पिटलचा फोन," ती म्हणाली, "मी काही करत नाही."